किरणांची मात्रा आणि पेशीचक्राची वेळ

किरणोपचारांना ट्यूमर किती दाद देतो, हे सांगताना आपण सरसकट एकच विशेषण लावून मोकळे होतो: हा संवेदनशील, तो चिवट. हे विशेषण सरासरीचे असते, एवढेच मला आज मांडायचे आहे. एकाच ट्यूमरमधल्या दोन पेशींवर एकाच क्षणी सारखीच मात्रा पडली तरी एक मरते आणि दुसरी तगते. आणि यामागचे एक मोठे कारण असे की त्या क्षणी दोघी पेशीचक्राच्या, म्हणजे एका विभाजनापासून पुढच्या विभाजनापर्यंतच्या प्रवासाच्या, निरनिराळ्या टप्प्यांवर असतात.

हे टप्पे चार: विभाजनाचा एम, त्यानंतरचा जी-१, डीएनएची प्रत तयार होते तो एस, आणि पुढच्या विभाजनाआधीचा जी-२. अडचण अशी की प्रयोगशाळेतल्या बशीत वाढणाऱ्या लाखो पेशींपैकी प्रत्येकीची वेळ वेगळी असते. मग एकाच टप्प्यावरच्या पेशी गोळा कशा करायच्या? सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात तेरासिमा आणि टोलमॅक या संशोधकांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला यावर जी युक्ती वापरली, ती मला आजही फार देखणी वाटते. एरवी पेशी बशीच्या तळाला चपट्या होऊन घट्ट चिकटलेल्या असतात, पण विभाजनाच्या वेळी त्या गोल होतात आणि त्यांची पकड सैल पडते. बशी हलकेच हलवली की नेमक्या तेवढ्याच पेशी सुटून वरच्या द्रवात येतात. त्या वेगळ्या काढून ३७ अंश सेल्सिअसला वाढवल्या की काही तास सगळ्या जवळपास एकाच चालीने पुढे सरकतात, आणि हव्या त्या तासाला त्यांच्यावर क्ष-किरण सोडता येतात. त्यांनी वापरल्या त्या हेला पेशी, म्हणजे १९५१ साली बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून घेतलेल्या पेशींची संतती. पेशी जगली की मेली हे तिच्यापासून वसाहत वाढते का यावरून ठरवतात. नुसती जिवंत दिसणारी, पण पुढे विभाजित होऊ न शकणारी पेशी या हिशेबात मेलेलीच.

या प्रयोगांतून आणि पुढे सिंक्लेअर या संशोधकांनी चिनी हॅमस्टरच्या पेशींवर केलेल्या कामातून जे चित्र उभे राहिले, ते आजही टिकून आहे. एम आणि जी-२ या टप्प्यांवर पेशी सर्वांत हळव्या असतात आणि एस टप्प्याच्या उत्तरार्धात सर्वांत चिवट. जी-१ लांबलचक असेल तर त्याच्या सुरुवातीलाही चिवटपणा दिसतो, आणि एस जवळ येईल तसा तो ओसरतो.

कारणांचा उलगडा पुष्कळ नंतर झाला, आणि तोही पूर्ण झाला असे मी म्हणणार नाही. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की पेशी ती टोके कशीबशी जोडू शकते, पण त्यात चुका राहतात. एस टप्प्याच्या उत्तरार्धात मात्र बहुतेक डीएनएची दुसरी प्रत शेजारीच तयार असते आणि तिच्यावरून बिनचूक दुरुस्ती करता येते. जी-२ मध्येही ती प्रत असते, तरी पेशी हळव्याच. म्हणजे केवळ प्रतीवर सारे भागत नाही, दुरुस्तीला उरलेला वेळही मोजावा लागतो. एममध्ये तर गुणसूत्रे आवळलेली असतात आणि दुरुस्तीची यंत्रणा बरीचशी थंडावलेली असते.

आता याचा उपचारांशी संबंध पाहू. पहिल्या मात्रेनंतर जगलेल्या पेशींत एसमधल्या पेशींचा भरणा असतो. म्हणजे किरणांनीच निवड करून उरलेल्यांना जवळपास एका टप्प्यावर आणलेले असते. एलकिंड या संशोधकांच्या विभाजित मात्रांच्या, म्हणजे एक मात्रा दोन भागांत देण्याच्या, प्रयोगांत, हॅमस्टरच्या पेशींना दुसरी मात्रा सुमारे दोन तासांनी दिली तर जगणाऱ्यांचे प्रमाण वाढले, कारण मधल्या काळात दुरुस्ती झाली होती. पण ती पाच-सहा तासांनी दिली तेव्हा ते प्रमाण पुन्हा घसरले, कारण एसमधून वाचलेला जथा तोवर जी-२ आणि एममध्ये पोहोचला होता. पेशी साध्या खोलीच्या तापमानाला ठेवल्या, म्हणजे चक्र जवळपास थांबवले, की ही घसरण दिसत नाही.

हे कळल्यावर ट्यूमरमधल्या पेशी औषधाने एका टप्प्यावर आणून मग किरण द्यावेत, ही कल्पना साहजिकच पुढे आली. एसमधल्या पेशी मारणारे आणि इतरांना जी-१ च्या शेवटी अडवणारे हायड्रॉक्सियुरिया गर्भाशयमुखाच्या कर्करोगात किरणांसोबत दिले गेले. पण १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत सिस्प्लॅटिन हे दुसरे औषध सरस ठरले आणि हायड्रॉक्सियुरिया मागे पडले. बशीतली शिस्त रुग्णाच्या शरीरात चालत नाही: ट्यूमरमधल्या पेशींचा वेग सारखा नसतो, आणि काही तर चक्राबाहेर थांबलेल्या असतात.

म्हणून आज कोणी पेशीचा टप्पा पाहून यंत्राची वेळ ठरवत नाही. आठवड्यातून पाच दिवस, रोज साधारण २ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक), असे उपचार चालतात तेव्हा काल एसमध्ये बचावलेल्यांपैकी काही आज हळव्या टप्प्यावर सापडतात. शेजारच्या मज्जारज्जूसारख्या, क्वचितच विभाजित होणाऱ्या ऊतींत हे पुनर्वाटप, म्हणजे वाचलेल्या पेशींचे पुन्हा वेगवेगळ्या टप्प्यांवर पसरणे, जवळपास होतच नाही. त्यामुळे मात्रा विभागून देण्याचा हा तोटा ट्यूमरच्या वाट्याला येतो, आणि त्या ऊतींना मधल्या वेळेत होणाऱ्या दुरुस्तीचा लाभ तेवढा मिळतो.