कात्री आणि पाच गोळ्या

ही कात्री बघा. मेडिकलच्या काउंटरवर दिवसभर चालते. दहाची स्ट्रिप, त्यातल्या पाच कापायच्या, कागदाच्या पुडीत घालायच्या, वर पेनाने लिहायचं, रोज सकाळी एक. बाजाराच्या दिवशी तर कितीतरी गिऱ्हाईकं हेच म्हणतात, सध्या पाचच द्या, बाकीच्या पुढच्या बाजारी.

या मावशींना बीपी आहे. पहाटे भाकरी थापून निघाल्या, फाट्यापर्यंत चालत, मग एसटी. मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट, म्हणून येणं जरा परवडतं. पण ओपीडी सकाळची आणि खुरपणीला जायची वेळही सकाळचीच, म्हणजे आजचा रोज बुडाला, आणि तो कुठल्याच बिलात दिसत नाही.

ही सरकारी दवाखान्याची रांग. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर फुकट, तपासणी फुकट, आणि हे खरंच मोठं काम झालंय. फक्त आज मावशींची गोळी खिडकीवर शिल्लक नव्हती, मग चिठ्ठी घेऊन रस्ता ओलांडायचा आणि समोर ही कात्री. ज्यांना रोज बुडवायचा नसतो ते संध्याकाळी खाजगीत जातात, तिथं ओळखीवर उधारी चालते, आणि सुई घेतल्याशिवाय बरं वाटत नाही हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की साध्या तापाचंही बिल फुगतं. जनऔषधी दुकानं २००८ पासून आहेत, तिथं अशा गोळ्या पुष्कळ स्वस्त पडतात, पण या बाजारात आम्हाला एकही दिसलं नाही.

आणि हे कार्ड. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून जपलेलं. आयुष्मान भारत योजनेचं, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. पण त्यासाठी ॲडमिट व्हावं लागतं. बीपीची, शुगरची दर महिन्याची गोळी त्यात बसत नाही, आणि घरातला पैसा तर तिथंच जातो, थोडा थोडा, जन्मभर. ओपीडीची औषधं योजनेत घ्या, आमचं मागणं एवढंच आहे.

गोळ्यांत खंड पडला की लकवा, किडनी, आणि मग हे कार्ड लागतं.

चार वाजलेत, मावशी स्टँडवर. पुडी कमरेच्या पिशवीत. बाजार आठवड्याने आणि गोळ्या पाच, म्हणून त्या एक दिवसाआड घेणार आहेत.