हार्डटेल बांधताना पैसे कुठे घालायचे

हा ॲक्सल, म्हणजे चाकाच्या मधला दांडा, पहिल्या रांगेतून मागे जाऊ द्या. मांडीवर ठेवून बोटाने फिरवलात की लगेच कळेल, मधे बाक आलाय. माझ्या पहिल्या हार्डटेलच्या, म्हणजे मागे सस्पेंशन नसलेल्या डोंगरी सायकलच्या, मागच्या चाकातला आहे हा. पुण्याच्या वेताळ टेकडीवरून उतरताना एका दगडावरून चाक खाली आलं. उंची म्हणाल तर वीतभर. घरी येईपर्यंत टायर फ्रेमला घासायला लागला होता. दुकानात नेली, त्यांनी चाकाचा आउट, म्हणजे डगमग, काढून दिला, पैसे घेतले. दोन दिवसांनी परत तेच. शेवटी मीच हब, म्हणजे चाकाचा मधला गोळा, उघडला, आतले बेअरिंगचे छर्रे ताटलीत काढले आणि हा वाकडा दांडा हातात आला.

तो वाकला कशामुळे, हे आज नीट सांगायचंय, कारण स्वस्तातली हार्डटेल घेणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. सहा-सात गिअरच्या स्वस्त सायकलींत मागे बहुधा फ्रीव्हील असतं, म्हणजे गिअरची चक्रं आणि ती मोकळी फिरवणारी यंत्रणा एकाच गोळ्यात. ते हबच्या आट्यांवर फिरवून बसवतात. उजव्या बाजूचे छर्रे त्या फ्रीव्हीलच्या आत, हबच्या पोटात राहतात. म्हणजे छर्‍यांपासून फ्रेमपर्यंत तीन-चार सेंटिमीटर ॲक्सल आधाराशिवाय लोंबतो. साध्या रस्त्यावर वर्षानुवर्षं काही होत नाही. पण हार्डटेलला मागे सस्पेंशन नाही. दगडाचा प्रत्येक धक्का त्या बिनआधाराच्या तुकड्यावर येतो. दुसरा प्रकार फ्रीहब: यात मोकळं फिरणारी यंत्रणा हबचाच भाग असते. उजवीकडचं बेअरिंग थेट बाहेरच्या टोकाशी असतं, म्हणून ॲक्सल टिकतो. गिअरची दातेरी चक्रं, म्हणजे कॅसेट, फ्रीहबवर सरकवून बसवायची.

दुकानात उभ्या उभ्या ओळखायचं कसं? मागची चक्रं हाताने उलटी फिरवा आणि मधल्या खाचांच्या रिंगकडे बघा. चक्रांबरोबर रिंगही फिरली तर कॅसेट. चक्रं फिरली आणि मधला भाग जागेवरच राहिला तर फ्रीव्हील. मग टेकडीचा विचार असेल तर चाक बदलायचे पैसे बाजूला काढूनच सायकल घ्या.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे: कमी पैशांत बांधायची तर चाकापासून बांधा. मागचा हब, टायर, मग ब्रेक. फ्रेम साधी चालेल. गिअर कमी चालतील. चिमट्याला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कला, हात सर्वांत शेवटी.

चिमट्यावर इथे वाद होणार, मला माहीत आहे. सस्पेंशन म्हटलं की सगळ्यांची नजर तिथेच जाते. पण या खेळाचा जन्म आठवा. 1976 मध्ये कॅलिफोर्नियात, माउंट टॅमल्पाइसच्या परिसरात काही पोरांनी जुन्या, जाडजूड टायरच्या सायकली डोंगरावरून शर्यतीत सोडायला सुरुवात केली. सुमारे सव्वातीन किलोमीटरांत 400 मीटरचा उतार. ब्रेक मागच्या हबमध्ये, उलटं पायडल मारलं की लागणारे. खाली येईपर्यंत हब इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा. नवं ग्रीस भरल्याशिवाय पुन्हा वर जाता यायचं नाही. त्यावरून त्या वाटेचं नाव पडलं रीपॅक, म्हणजे पुन्हा भरणं. त्यांतल्याच जो ब्रीझने 1977 मध्ये खास डोंगरासाठी फ्रेम बांधली. आणि रॉकशॉक्सचा सस्पेंशनचा चिमटा आला 1989 मध्ये. आधीची सगळी वर्षं ही माणसं जाड टायर आणि स्वतःच्या गुडघ्यांवर उतरत होती. तेव्हा स्प्रिंगचा साधा चिमटा असला तरी खुशाल निघा. फक्त फ्रेम घेताना हेडट्यूब, म्हणजे चिमट्याचा वरचा दांडा ज्यात बसतो ती पुढची नळी, बघा. वरपासून खालपर्यंत सारख्याच बारीक व्यासाची असेल, तर पुढे खाली जाड होत जाणारा नवा चिमटा त्यात बसणार नाही.

टायरबद्दल मात्र मी हट्टी आहे. सव्वादोन इंचांचा, मऊ रबराचा, कडेला ठळक गोट्या असलेला टायर घ्या. आणि हवा! पंपवाला 50-60 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून देतो, त्याला वाटतं घट्ट म्हणजे चांगलं. असा टायर मुरमावर गोटीसारखा उसळतो. सत्तर किलोच्या माणसाने ट्यूब असताना पुढे 28 आणि मागे 31च्या आसपास सुरुवात करावी. ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा पडल्या, तर ती दगड आणि रिमच्या मधे चिमटली आहे. दोन पीएसआय वाढवा. अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नका, दाब मोजायचा गेज घ्या. माझ्या सायकलवर इतक्या कमी पैशांत इतका फरक दुसऱ्या कशानेच पडला नाही.

गिअरचं झटपट सांगतो. पुढे 32 दात्यांचं एकच चक्र, मागे 11 ते 42. एकोणतीस इंची चाकाला सर्वांत हलक्या गिअरवर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम पावणेदोन मीटर सरकते. आपल्या टेकड्यांवरच्या बहुतेक चढांना तेवढं पुरतं.

केबलचा डिस्क ब्रेकही चांगला चालतो, पण नीट जुळवून घ्यावा लागतो. त्याचा बहुधा एकच पॅड हलतो. दुसरा तुम्ही डिस्कच्या जवळ आणून ठेवायचा. नव्या पॅडनी सपाटीवर वीसेक वेळा वेग घ्या आणि चाक अडकू न देता दाबून कमी करा. तोवर ब्रेक नीट धरत नाही. चेनचं तेल डिस्कवर उडालं की पॅड गेलेच समजा.

आता चालवण्याबद्दल. चढावर मुरूम सुटा असला की नवखा माणूस सीटवरून उठतो आणि मागचं चाक जागच्या जागी फिरतं. बसून राहा, सीटच्या टोकाशी सरका, छाती हँडलकडे न्या. उतारावर उलट: सीट चार बोटं खाली करा, उभे राहा, दोन्ही पायडल एका पातळीत, टाचा खाली, कोपरं बाहेर. मागून धक्का आला की गुडघे मोकळे सोडा, सायकल तुमच्या खाली नाचू द्या. हार्डटेलवर चाक चुकीच्या जागेवरून नेलं तर मणक्याला लगेच कळतं. म्हणून हार्डटेलवर शिकलेल्या माणसाला वाट वाचता येते: कुठला दगड पक्का, कुठला सुटा, पावसाने चर कुठे पाडलाय.

पावसाचं निघालंच म्हणून सांगतो. चिखल असताना टेकडीवर जाऊ नका. चाकाने पडलेल्या चरातून पुढचं पाणी वाहतं आणि दोन पावसाळ्यांत पायवाटेचा ओढा होतो. सकाळी वेताळ टेकडीवर आजी-आजोबा फिरायला येतात; वाट आधी त्यांची. लांबूनच घंटी वाजवा, वेग तोडा, गरज पडली तर पाय टेकून थांबा.

ॲक्सल परत आला का? द्या इकडे. बाहेर पार्किंगमध्ये तुमच्या पंधरा-वीस सायकली मी येताना पाहिल्या. चला, प्रत्येकाने आपापल्या सायकलची मागची चक्रं उलटी फिरवून बघायची. गेज माझ्या पिशवीत आहे, हवाही मोजू.