एक बाटली लाई द्या

(दृश्य: मे महिना, दुपारचे साडेबारा. तालुक्याच्या गावातला दवाखाना. पत्र्याची पडवी, बाकावर आठ-दहा माणसं. पंखा फिरतोय, वारा गरमच.)

आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, सरली. माहेरपणाला आलेल्या लेकी सासरी गेल्या, निंबाला बांधलेले झोके सुटले. जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा आता 44-45 वर खेळतोय. केळीला झळ लागू नये म्हणून बागांच्या कडेने हिरवी जाळी बांधलेली दिसते. बागेत राबणाऱ्याच्या डोक्याला मात्र रुमालच.

बाकावरच्या एका आजींचा नंबर येतो. सत्तरीच्या असतील. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, पिशवीत पितळी तांब्या. स्टुलावर बसतात, आणि काय होतंय ते सांगायच्या आधीच म्हणतात, "आंगमा जीवच नही शे, डाक्टर. एक बाटली लाई द्या."

बाटली म्हणजे सलाईन. खान्देशातल्या कुठल्याही दवाखान्यात दिवसभर बसा, हे वाक्य कानावर पडणारच. थकवा आला, बाटली. चक्कर आली, बाटली. लेकीच्या लग्नाची धावपळ झाली, तरी बाटली. माझ्याच घरात आजीला दर उन्हाळ्यात दोन बाटल्या 'चढायच्या', आणि आम्ही पोरं ते थेंब मोजत बसायचो. थेंब पडताना दिसतो. उपचार होतोय हे डोळ्यांना कळतं.

(दृश्य: सलाईनची बाटली, अगदी जवळून. नळीतला थेंब.)

या बाटलीत असतं काय? ग्लुकोजची अर्ध्या लिटरची नेहमीची 5 टक्क्यांची बाटली घ्या. तिच्यात 25 ग्रॅम साखर. म्हणजे पाच-सहा चमचे, बाकी पाणी. फार तर 100 कॅलरी. कळण्याच्या एका भाकरीतून याच्या दुप्पट तरी मिळतात, वर ठेचा वेगळा. दुसरी बाटली मिठाची, नॉर्मल सलाईन. अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ. मोठ्या माणसाने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बीपीची गोळी चालू असलेल्या, घरी पापड-लोणचं बंद केलेल्या माणसाला गरज नसताना ही बाटली लावली, तर दिवसाचं जवळजवळ सगळं मीठ तासाभरात थेट शिरेत जातं. हृदय कमजोर असेल तर भराभर दिलेलं पाणी फुप्फुसात साचतं, दम लागतो. सुईच्या जागी शीर सुजते, ते तर बहुतेकांनी भोगलेलं असतं.

डॉक्टर आजींचा हात हातात घेऊन नाडी बघतात. जीभ बघतात. बीपी बघतात.

"माय, सकायपासून काय खाधं?"

"काही नही. उपास शे. चहा पिधा."

डॉक्टर केळीवाल्यांच्या घरातले. ते आजींना विचारतात, बागेला पाणी कुठून देता? ठिबकने, मुळाशी. केळीच्या खोडात सुई टोचून कोणी पाणी देतं का? माणसाचं मूळ म्हणजे त्याचं आतडं. तोंडाने गेलेलं पाणी ते ओढून घेतं. साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात असलं की जास्तच जोरात ओढतं, कारण आतड्याच्या पेशींमध्ये ही दोघं जोडीने शिरतात आणि पाण्याला सोबत नेतात. एवढ्या एका गोष्टीवर ओआरएस, म्हणजे जुलाबात पाजायचं साखर-मिठाचं पाणी, उभं आहे.

(दृश्य: ओआरएसचं पाकीट, शेजारी पाण्याचं भांडं.)

1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, कॉलरा पसरला होता. डॉ. दिलीप महालनोबिस तिथे काम करत होते. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा त्यांनी साखर-मिठाचं पाणी पिंपांत कालवलं आणि नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 4 टक्क्यांच्या खाली आलं. या डॉक्टरांना पद्मविभूषण मिळाला 2023 मध्ये, ते गेल्यावर. असो.

पाकिटाचीही गंमत आहे. एक लिटरचं पाकीट बऱ्याच घरांत चमचा-चमचा वापरलं जातं. पेलाभर पाण्यात थोडी पूड टाकायची, उरलेलं पाकीट दुमडून फडताळात. मग कधी पाणी फार दाट होतं, कधी नुसतंच खारट, आणि दाट पाण्याने जुलाब उलट वाढू शकतात. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात. 200 मिलीचं असेल तर तेवढ्यात. 24 तासांत संपवा, उरलं तर ओता. पाकीटच नसेल तर उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. बाळाला जुलाब होत असतील तर याच्या जोडीला डॉक्टरांना विचारून 14 दिवस झिंक, आणि अंगावरचं दूध चालूच.

दुकानातल्या रंगीत डब्यांपासून जरा सांभाळून. त्यांच्यातल्या बऱ्याच पेयांत साखर कितीतरी पट जास्त, आणि नावात मात्र ओआरएस. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी अनेक वर्षं भांडण लावून धरलं, तेव्हा कुठे ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांना हे नाव लावायला मनाई केली.

मग बाटली कोणाला लागते? पोटात घोटभरही टिकत नाही त्याला. ज्याला लघवीच होत नाही, जो गुंगीत आहे, ज्याचे डोळे खोल गेलेत, त्याला. उन्हात काम करणारा माणूस तापाने फणफणला आणि बरळू लागला, तर बाटली शोधत बसू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, 108 ला फोन लावा. आणि बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतू नका.

(दृश्य: सातपुड्याची चढण. पायवाट.)

इथून वर, धडगाव-अक्कलकुव्याकडे, पाण्याचा अर्थच वेगळा. तिथल्या भिल्ल-पावरा वस्त्यांमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. शरीरातलं पाणी कमी झालं की या रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक शिरांत अडकतात, आणि हाडं पिळून निघावीत अशी वेदना सुरू होते. त्याच्यासाठी दिवसभर पाणी पीत राहणं हे औषधच आहे. कळ थांबेना झाली तर दवाखाना गाठावा लागतो, तिथे कधी खरोखरच सलाईन लागतं. आणि काही पाड्यांवरून माणसाला खाली आणायचं तर बांबूची झोळी. खाली गावात भाकरीच्या जागी टांगलेल्या बाटल्या बघितल्या की ही झोळी आठवते.

(दृश्य: दवाखाना. आजी, कंपाउंडर, तांब्या.)

आजींना प्रश्न पडलाय, लिटर म्हणजे किती? कंपाउंडर पाण्याची रिकामी लिटरची बाटली भरून आणतो आणि त्यांच्या तांब्यात ओततो. पाणी गळ्याच्या दोन बोटं खाली येऊन थांबतं. तिथे तो पेनाने खूण करतो. पितळेवर पेन उठत नाही, मग खिळ्याने ओरखडा काढतो. आजी बोट फिरवून बघतात. दोन पाकिटं पिशवीत जातात. उपास आज सोडायचा, आणि दोन दिवसांनी बीपी दाखवायला यायचं, असं ठरतं.

दारात कंपाउंडर तपासणीचे पैसे सांगतो. आजी थांबतात, वळतात.

"बाटली तं लाई नही. मंग पैसा कसाना?"