कुलाब्याच्या खिडकीतलं न्यूकॅसल

नमस्कार मंडळी! कुलाब्याला नेव्हीनगरकडे जाताना अफगाण चर्च लागतं, त्याचा उंच मनोरा बसमधूनही दिसतो. पण एकदा सकाळच्या उन्हात आत जाऊन पूर्वेची खिडकी बघा, मी तर तिच्यासमोरून हलतच नाही.

१८५८ सालच्या या चर्चची रंगीत काच विल्यम वेल्सच्या वर्कशॉपची, म्हणजे थेट इंग्लंडातल्या न्यूकॅसलची. आणि हा वेल्स मूळचा किराणा नि चहा विकणारा दुकानदार, बरं का! घरामागे भट्टी लावून मीनाकामाच्या छोट्या वस्तू बनवायचा आणि दुकानातच विकायचा, मग जर्मनीला जाऊन काचकाम शिकला आणि १८३८ ला स्वतःचा धंदा काढला. वेळही अशी साधली की तिकडे टोकदार कमानींच्या गॉथिक धाटणीची चर्चं धडाधड उभी राहत होती, त्यात १८४५ ला काचेवरचा टॅक्स उठला. प्युजिन हा तेव्हाचा नामांकित आर्किटेक्ट, अतिशय चोखंदळ, त्याच्याशी वेल्सचं जेमतेम तीन वर्षं जमलं. प्युजिन गेला बर्मिंगहॅमच्या हार्डमन या दुसऱ्या काचवाल्याकडे, पण वेल्सचं काही अडलं नाही, ग्लॉस्टर कॅथीड्रलची भलीमोठी पश्चिम खिडकी त्याचीच.

कमाईतून न्यूकॅसलशेजारच्या गेट्सहेडला सॉल्टवेल टॉवर्स नावाचा वाडा बांधला. पुढे पैशाची ओढाताण झाली आणि १८७६ ला सगळी इस्टेट ३५,००० पौंडांना नगरपालिकेला विकावी लागली, तिथे पब्लिक पार्क झालं. वेल्स मात्र १८८१ ला जाईपर्यंत त्याच घरात राहिला, वर्कशॉप जावई स्ट्रँगने पुढे चालवलं.

भर धंद्यात त्याच्याकडे ७६ माणसं होती, मला खरं कौतुक त्यांचं. आधी खिडकीच्या मापाचं चित्र कागदावर काढायचं, एकेक रंगाची काच त्याबरहुकूम कापायची, चेहरे नि कपड्यांच्या चुण्या तपकिरी रंगाने ब्रशने काढून भट्टीत भाजायच्या, म्हणजे रंग काचेवर वितळून पक्का बसतो. पिवळा हवा तर चांदीचं संयुग लावायचं. मग शिशाच्या पट्ट्यांत तुकडे बसवून पट्ट्यांचे सांधे डाग देऊन जोडायचे. अफगाण चर्चच्या भिंतींवर अफगाण युद्धात गेलेल्यांची नावं कोरलीयत, या कारागिरांचं नाव कुठेच नाही, पण खिडकीजवळ गेलात की कुणीतरी न्यूकॅसलला बसून ओढलेली ती बारीक तपकिरी रेघ दिसते.