चार वाजताची मॅच

(न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात, गावच्या हायस्कूलच्या सॉकर म्हणजे फुटबॉल संघांबद्दल केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं नीटनेटकं करून)

नमस्कार मंडळी. सभागृहात आज बसायला जागा नाही, लोक मागे भिंतीला टेकून उभे आहेत. फार बरं वाटतं असं भरलेलं सभागृह पाहिलं की. फराळाच्या आधीची वेळ मला मिळाली आहे, त्यामुळे सरळ विषयावर येते.

आत्ता ज्या मुलींच्या लेझमीला तुम्ही वन्स मोअर दिलात, त्यांतली एक आपल्या हायस्कूलच्या सॉकर संघाची गोलकीपर आहे. मागच्या रविवारी तालीम संपल्यावर आम्ही लेझमी गोळा करून खोक्यात भरत होतो. तेव्हा ती मला म्हणाली, "काकू, लेझीम बघायला सगळे येतात. मॅचला तुम्ही एकट्याच का असता?"

मी म्हटलं, "अगं, चार वाजता सगळे कामावर असतात." तिने मान हलवली, हातातल्या लेझमीची साखळी नीट गुंडाळली आणि म्हणाली, "सेमी फायनल सात वाजता होती. लाइट्समध्ये."

यावर काय बोलणार? आठवडा झाला, तिचं ते वाक्य मनातून जात नाही.

माझा मुलगा याच हायस्कूलच्या मुलांच्या संघातून खेळला. तो कॉलेजला गेला, पण मी बूस्टर क्लबात, म्हणजे शाळेच्या संघांसाठी पैसे जमवणाऱ्या गटात, राहिले, म्हणून मॅचला असते. त्या रात्रीचं तुम्हाला सांगायलाच हवं. नोव्हेंबरची थंडी, पत्र्याचे बाक असे गार की ब्लँकेट घडी करून खाली घ्यावं लागत होतं. आमच्या रांगेत पेरू देशातल्या एक आजी गळ्यातली घंटा वाजवत होत्या. त्यांची नात संघात आहे आणि त्या एकही मॅच चुकवत नाहीत. पोर्तुगीज कुटुंबं होती, पोलिश होती, बेकरीवाले होते, गावच्या अग्निशमन दलातले दोघंतिघं होते. निवेदकाने संघाची नावं वाचली तेव्हा त्यात आपली किती आडनावं! देशपांडे, शिंदे, पाटील, नाईक. बाकांवर मात्र आपली दोनच घरं. पेनल्टीवर गेली मॅच. प्रत्येक पेनल्टीच्या आधी ही पोरगी डाव्या खांबाला हात लावायची, मग उजव्या खांबाला, मग मधे येऊन गुडघे वाकवून उभी राहायची. दोन अडवल्या तिने. तरी हरलो. तिचे बाबा न्यूयॉर्कहून ट्रेनने धावतपळत पोचले ते उत्तरार्धात, ऑफिसचे बूट चिखलात भरवून कुंपणाशी उभे होते. त्यांनी शक्य होतं ते केलं. माझा प्रश्न आपल्या उरलेल्या सगळ्यांना आहे.

मी शिवाजी पेठेतली. इथे कोल्हापूरचे बरेच जण आहेत, त्यांना पुढचं सांगायला नको. शाहू स्टेडियमच्या पायऱ्या, भर दुपारचं ऊन, पुड्यातल्या शेंगा, आणि पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ म्हटल्यावर अख्खी पेठ ओस. दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, बालगोपाल, सगळे आमचे फुटबॉल संघ. ज्या घरात कधी कुणी चेंडूला पाय लावला नाही त्या घरातल्या आजीलाही काल कोण जिंकलं ते ठाऊक असायचं. तो खेळ कुणी जगवला? तालमींनी जगवला. कुठल्या पोराला बूट नाहीत म्हटल्यावर चपलांच्या दुकानाचा मालक बूट द्यायचा, दूधवाला दूध पाठवायचा, आणि खेळाडू पेठेचा असायचा, त्याच्या आईबापाचा एकट्याचा नसायचा. अशाच गावातून अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालच्या फुटबॉल विश्वचषकात भारताकडून खेळला. ज्या लोकांना हे रक्तातून ठाऊक आहे, ते इथे येऊन स्वतःच्या गावच्या मैदानाकडे पाठ करतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि हे न्यू जर्सी आहे मंडळी. सॉकर इथे काल-परवा आलेलं नाही. नेवार्कच्या पलीकडे पसेइक नदीच्या काठी कार्नी नावाचं गाव आहे. १८७० च्या दशकात क्लार्क कंपनीने तिथे दोऱ्याची गिरणी काढली आणि स्कॉटलंडहून कामगार आले. त्यांनी सोबत फुटबॉल आणला. गिरणीच्या संघाने १८८५ पासून लागोपाठ तीन वर्षं अमेरिकन कप जिंकला. पुढे गिरण्या बंद पडल्या, लोक बदलले, पण खेळ राहिला, कारण एक समाज गेला की नव्याने आलेला समाज त्याच मैदानाच्या कडेला उभा राहिला. १९९० साली अमेरिका चाळीस वर्षांनी विश्वचषकात उतरली, तेव्हा संघात या एका गावात वाढलेले तीन जण होते. जॉन हार्क्सचे वडील स्कॉटलंडमधल्या डंडीचे. टोनी मिओलाचे आईवडील इटलीचे. टॅब रामोसचा जन्म उरुग्वेतला. तिन्ही घरं आपल्यासारखीच बाहेरून आलेली. हार्क्स आणि मिओला कार्नी हायस्कूलकडून खेळले. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघांतून खेळलेल्यांत टिम हॉवर्ड नॉर्थ ब्रन्स्विकच्या हायस्कूलचा, हेदर ओ'रायली ईस्ट ब्रन्स्विकच्या, कार्ली लॉइड डेलरनच्या. २०१५ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पहिल्या सोळा मिनिटांत तीन गोल करणारी ती हीच लॉइड. यातल्या निम्म्या गावांत आपण भाजी आणायला जातो.

मुलींच्या बाबतीत तर आणखी सांगायला हवं. १९७२ साली टायटल नाइन कायदा आला, शाळांना मुलींनाही मुलांच्या बरोबरीने खेळाची संधी द्यावी लागली. त्याच्या आधी अख्ख्या देशात हायस्कूल सॉकर खेळणाऱ्या मुली जेमतेम सातशे होत्या. आज साडेतीन लाखांच्या वर आहेत. आपल्या मुली त्या मैदानावर आहेत त्या या कायद्यामुळे. त्याचाच एक भाग बूस्टर क्लबलाही लागू पडतो. आम्ही मुलांच्या संघासाठी जास्त पैसे जमवले आणि मुलींना कमी सोयी मिळाल्या, तर तो तोल सांभाळायची जबाबदारी शाळा-जिल्ह्याची असते. म्हणून देणगी देताना "माझ्या मुलाच्या संघालाच" असा हट्ट कृपा करून धरू नका.

आता बातमी. ती चांगली नाही. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकातून नववीचा संघ काढायची चर्चा चालू आहे, मुलांचाही आणि मुलींचाही. कारण पैसे. २०१८ च्या कायद्याने राज्याने शाळांना द्यायच्या मदतीचं वाटप बदललं. काही गावांना जास्त मिळू लागलं, काहींची मदत वर्षागणिक कमी होत गेली, आणि आपण दुसऱ्या गटातले. मालमत्ता करात वर्षाला साधारण दोन टक्क्यांच्या वर वाढ करता येत नाही, बसचा आणि विम्याचा खर्च मात्र त्याहून कितीतरी वेगाने वाढतो. मग कात्री कुठे लागते? जिथे ओरडणारं कुणी नसतं तिथे.

नववीचा संघ गेला तर काय बिघडलं, असं एका गृहस्थांनी मला विचारलं. बरंच बिघडतं. चौदा वर्षांची, नवीन शाळेत आलेली, अंगाने लहान मुलं थेट ज्युनिअर व्हर्सिटीच्या, म्हणजे शाळेच्या दुसऱ्या फळीच्या संघाच्या, निवडीत अकरावीच्या मुलांसमोर टिकत नाहीत. ज्यांच्या आईवडिलांनी वर्षाला काही हजार डॉलर भरून ट्रॅव्हल क्लबात, म्हणजे शाळेबाहेरच्या खासगी क्लबात, घातलंय तीच मुलं निवडली जातात. उरलेल्यांचा खेळ तिथेच संपतो. आपली बरीच मुलं त्या उरलेल्यांत असतील, कारण आपण मुलांना चेंडू उशिरा देतो. आपली ती गोलकीपरही नववीच्या संघात आली तेव्हा तिला गोल किक मध्यरेषेपर्यंत मारता येत नव्हती.

क्लबला माझा विरोध नाही. पण आपल्या घरांत एक समज फार घट्ट बसला आहे की महागडं ते चांगलं आणि शाळेचं ते दुय्यम. अमेरिकन सॉकर महासंघानेही मधे असाच निर्णय घेतला होता. २०१२ पासून त्यांच्या डेव्हलपमेंट अकॅडमीतल्या मुलांना हायस्कूलकडून खेळायला बंदी केली. २०२० मध्ये ती अकॅडमीच बंद पडली. हायस्कूलचे संघ चालूच आहेत. आणि कॉलेजच्या अर्जाचं म्हणाल, तर हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या शंभरातली पाच-सात मुलं कॉलेजच्या संघात पोचतात. त्या हिशेबाने खेळवायचं असेल तर खेळवूच नका. पोराला संध्याकाळी घामेजून घरी येऊ द्या, गावातल्या दहा घरच्या मुलांबरोबर एका बसमधून हरून परत येऊ द्या. कॉलेजप्रवेशाच्या एसएटी परीक्षेचा क्लास आठवड्यातून एक दिवस पुढेमागे झाला तर चालतो.

आता आपल्याला करता येण्याजोगं, आणि हे मी समितीसमोर मागणी म्हणून मांडते आहे.

सगळ्यात मोठी अडचण ऑगस्टची. निवड चाचणी ऑगस्टच्या मध्याला असते आणि तेव्हा आपली अर्धी घरं पुण्या-मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात असतात. श्रावणात एखादी पूजा किंवा वास्तुशांत निघते, तिकिटं महिनाअखेरची मिळतात, आणि पोर परत येतं तेव्हा यादी लागलेली असते. प्रशिक्षक कुणासाठी थांबत नाहीत, थांबूही नये. नववीत जाणारं मूल घरात असेल तर तिकीट काढायच्या आधी शाळेची तारीख बघा, एवढं एक केलंत तरी पुष्कळ झालं. वैद्यकीय तपासणीचा फॉर्म जुलैतच द्यावा लागतो, तो नसेल तर मुलाला मैदानावर पाऊल टाकू देत नाहीत. आपल्याकडे इतके डॉक्टर आहेत. जूनमध्ये एक शनिवार काढून मंडळाने मुलांच्या तपासण्या करून द्याव्यात.

दुसरं, कन्सेशन स्टँड, म्हणजे मॅचच्या वेळचा खाण्यापिण्याचा स्टॉल. बूस्टर क्लबाचं उत्पन्न मुख्यतः तिथून येतं, त्यातून संघाची थंडीची जाकिटं, पाहुण्या गावाला जातानाचं जेवण, शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंच्या सीनिअर नाइटची फुलं, शेवटचा सत्काराचा कार्यक्रम होतो. चार माणसं लागतात, चारही मिळत नाहीत. आपण गणपतीत हजार लोकांना जेवायला घालतो. एका मंगळवारी वडापाव करायला आपल्याला जड नाही. गावच्या आरोग्य खात्याचा परवाना लागतो, तो मी काढीन.

तिसरं ज्येष्ठांसाठी. हायस्कूलच्या खेळांना देशभर पंच कमी पडताहेत. करोनाच्या काळात पुष्कळांनी सोडलं ते परत आले नाहीत, आणि त्यामागे बाकांवरून पालकांचं ओरडणं हे मोठं कारण आहे. निवृत्त होऊनही रोज पाच मैल चालणारे आपल्यात कितीतरी काका आहेत. प्रशिक्षण घ्या, परीक्षा द्या, शिट्टी हातात घ्या. आणि जे मॅचला येतील त्यांनी पंचांवर ओरडू नका. कोल्हापूरची सवय मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगते. ऐंशी मिनिटं आपल्या पोरांचं नाव घेऊन ओरडा, पाहिजे तेवढं.

नववीच्या संघाचा निर्णय एप्रिलअखेरीस, अंदाजपत्रकाच्या जाहीर सुनावणीत होईल. कुणीही गावकरी उभा राहून तीन मिनिटं बोलू शकतो. बूस्टर क्लबाच्या अध्यक्षांनी मला विचारलं, तुमच्या समाजातले किती जण येतील? त्या पेरूच्या आजींच्या घरचे येणार आहेत, आजी इंग्रजी बोलत नाहीत म्हणून नातू त्यांचं म्हणणं वाचून दाखवणार आहे. पोर्तुगीज क्लबाने सह्या गोळा करायला सुरुवात केली आहे. गावच्या शाळांत निम्म्याच्या आसपास मुलं आपली म्हणजे भारतीय घरांतली. आपण गप्प राहिलो तर स्कूल बोर्डवाले हेच समजतील की आपल्याला तो संघ नको आहे.

मी अध्यक्षांना आकडा सांगू शकले नाही. बाहेर दारापाशी वही ठेवली आहे, नाव आणि फोन लिहा. पण सह्या करणं सोपं आहे, दिवाळीच्या उत्साहात आपण करतोही. मला काळजी वाटते ती एप्रिलमधल्या त्या कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसात वाजता, गाडी काढून शाळेत किती जण पोचतील याची. गोलकीपरची धाकटी बहीण आठवीत आहे. ती मला आत्ता विंगेत विचारत होती की पुढच्या वर्षी टीम असेल ना, आणि तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.