सरकणारा एक्सेंट्रिक: टँडेमच्या पुढच्या बॉटम ब्रॅकेटची दुरुस्ती

(दृश्य: स्टँडवर चढवलेली टँडेम. डाव्या बाजूची लांब चेन मधोमध लोंबते आहे.)

दोघांनी मिळून चालवायच्या टँडेमला दोन चेन असतात. उजवीकडची मागचं चाक फिरवते. डावीकडची पुढच्या क्रँकला मागच्या क्रँकशी जोडते. तिला टायमिंग चेन म्हणतात. आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकलची चेन सैल झाली की मागचे नट ढिले करायचे आणि चाक मागे ओढायचं. टायमिंग चेनच्या टोकाला चाकच नाही, ओढणार काय? म्हणून पुढच्या शेलमध्ये, म्हणजे फ्रेमच्या ज्या नळीत क्रँकचा ॲक्सल बसतो तिच्यात, एक्सेंट्रिक बसवतात.

(जवळून: हातात एक्सेंट्रिक, सावकाश फिरवला जातो.)

हा ॲल्युमिनियमचा गोल ठोकळा. पुष्कळ टँडेमवर त्याचा व्यास 54 मिलिमीटर असतो. बॉटम ब्रॅकेटचं (क्रँकचा ॲक्सल आणि त्याची बेअरिंग यांचं) भोक त्याच्या केंद्रात नाही, 6 मिलिमीटरच्या आसपास बाजूला आहे. ठोकळा फिरवला की ॲक्सल पुढेमागे होतो, एकूण 12 मिलिमीटर. चेन ताणायची, ठोकळा जागेवर आवळायचा, झालं.

आवळलेला ठोकळा जागेवर राहिला नाही की दुखणं सुरू होतं. चेन पुन्हा सैल पडते. चढावर उभं राहून पेडल मारलं की कटकट ऐकू येते. शेवटी एखाद्या खड्ड्यात चेन पडते आणि पुढच्याचे पाय मोकळे फिरतात.

अशा वेळी बहुतेक जण बोल्ट आणखी आवळतात. तिथेच फ्रेमचं नुकसान होतं.

(दृश्य: मार्करने शेल आणि एक्सेंट्रिक या दोन्हींवरून एकच रेघ ओढली जाते.)

आधी खरा दोषी शोधा. अशी रेघ ओढून थोडं चालवून या. रेघ तुटली तर एक्सेंट्रिक सरकतोय. रेघ जुळलेली असूनही चेन सैल असेल तर चेन झिजली आहे. नव्या चेनच्या 24 कड्या 304.8 मिलिमीटर भरतात. 307 च्या पुढे गेल्या असतील तर चेन बदला.

आता ठोकळ्यावर जोर किती येतो ते पाहू. क्रँक 170 मिलिमीटर, टायमिंग चेनरिंग (चेन चढते ती दातेरी चकती) 39 दात्यांची, म्हणजे त्रिज्या 79 मिलिमीटर. पेडलवर 70 किलोचा भार दिला की चेनवर 150 किलोची ओढ येते. ॲक्सल ठोकळ्याच्या केंद्राच्या नेमका वर किंवा खाली असेल तर ही ओढ 9 न्यूटन-मीटरच्या जोराने ठोकळा फिरवू पाहते, तीही प्रत्येक फेऱ्यात.

(आकृती: वर्तुळ, त्यावर ॲक्सलच्या दोन जागा, पुढे-खाली आणि पुढे-वर.)

चेनचा तोच ताण एक्सेंट्रिकच्या दोन जागांवर मिळतो, एक खालच्या अर्ध्यात आणि एक वरच्या. खालच्या जागेत पायाचा भार ॲक्सलला खाली दाबतो, चेन मागे ओढते, आणि दोघं मिळून ठोकळा एकाच दिशेला फिरवतात. वरच्या जागेत भार एकीकडे, चेन दुसरीकडे. ॲक्सल 45 अंशांवर असेल तर वरच्या जागेत उरणारा जोर खालच्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. सतत सरकणाऱ्या एक्सेंट्रिकला आम्ही आधी वरच्या जागेत नेऊन पाहतो, एक रुपयाही खर्च न करता. ॲक्सल साधारण साडेआठ मिलिमीटर वर येतो, तेवढी पुढची सीट वर घ्यायला विसरू नका. गुडघे लगेच जाणवून देतात.

(दृश्य: क्रँक आणि बॉटम ब्रॅकेट काढलेलं, शेल रिकामं.)

पुढची पायरी सफाई. क्रँक काढा, बॉटम ब्रॅकेट काढा, ठोकळा बाहेर घ्या. शेलच्या आत बोट फिरवून पाहा: रंगाचे पोपडे, गंज, सीट ट्यूबमधून झिरपलेल्या पाण्याचा चिखल. रंगाचा थर ठोकळ्याला दोन-तीन ठिकाणीच टेकू देतो, मग पकड येणार कुठून? 240 नंबरच्या पॉलिश पेपरने रंग आणि गंज तेवढा उतरवा, धातू घासू नका. रॉकेलने धुवा, कोरडं करा, शेवटी स्पिरिटचा हात फिरवा.

कोरडा ॲल्युमिनियम स्टीलच्या शेलमध्ये ठेवला तर तो पुढे गंजून चिकटतो. ग्रीसचा अगदी पातळ हात दिलात तर तो सुटतो. घसरायचीच खोड असेल तर ग्रीसऐवजी कार्बन असेंब्ली पेस्ट लावा. तिच्यातले बारीक कण पकड देतात, त्यामुळे बोल्ट कमी आवळूनही ठोकळा धरून राहतो.

(दृश्य: शेलच्या खाली दोन कान, मध्ये फट.)

आवळण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या. चिरलेल्या, म्हणजे खाली मुद्दाम फट ठेवलेल्या, शेलला खालून दोन बोल्ट असतात, ते आलटून पालटून, पाव-पाव फेरा आवळायचे. टॉर्क (आवळण्याचा जोर) फ्रेम बनवणाऱ्याने दिलेलाच घ्या. आकडा नसेल तर एम 6 बोल्टला 8 ते 10 न्यूटन-मीटरच्या पुढे जाऊ नका. मधली फट नीट पाहा. दोन्ही कान एकमेकांना टेकले असतील तर बोल्ट कितीही आवळा, ठोकळ्यावर दाब वाढणारच नाही. तिथे ठोकळ्याभोवती पत्र्याची पट्टी लागते. कोल्ड्रिंकच्या ॲल्युमिनियम कॅनचा पत्रा 0.1 मिलिमीटरच्या आसपास असतो, तो चालतो. पट्टी शेलच्या रुंदीएवढी कापा, कडा घासून घ्या, आणि तिचे टोक शेलच्या फटीवर येऊ देऊ नका.

(दृश्य: एक्सेंट्रिकच्या अंगावरचे खड्डे, टॉर्चच्या आडव्या उजेडात.)

ग्रब स्क्रूचा, म्हणजे शेलमधून ठोकळ्यावर रुतणाऱ्या, डोकं नसलेल्या स्क्रूचा प्रकार सगळ्यांत जास्त त्रास देतो. स्क्रूचं टोक ॲल्युमिनियममध्ये खड्डा पाडतं आणि त्या खड्ड्यात बसून ठोकळा धरतं. चेन थोडी झिजली, ठोकळा दोन-तीन मिलिमीटर फिरवला, की नवी जागा जुन्या खड्ड्याच्या काठावर येते. आवळताना स्क्रू घसरून जुन्या खड्ड्यात जातो, ठोकळाही त्याच्यासोबत. उपाय एकच: स्क्रूला कोरा धातू द्या. ठोकळा एखादा मिलिमीटर बाजूला सरकवा. चेनलाइनला (चेनच्या सरळ रेषेला) तेवढ्याने फरक पडत नाही. नाहीतर मघाची दुसरी जागा वापरा, तिथे धातू कोरा असतो. स्क्रूच्या आट्यांना मध्यम ताकदीचा थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा डिंक) लावा.

काही जण ठोकळा उलटा घालून खड्डे चुकवायला जातात. बीएसए आट्यांच्या (बॉटम ब्रॅकेटच्या आट्यांचा एक प्रकार) एक्सेंट्रिकला हे करू नका. उजव्या कपाचे (बेअरिंग धरणाऱ्या आटेदार वाटीचे) आटे डावे, म्हणजे उलटे असतात, ठोकळा उलटला की ते डावीकडे येतात आणि पेडल मारता मारता कप आपोआप सैल होतात.

पाचरीच्या प्रकारात बोल्ट पाचर ओढून ठोकळा शेलमध्ये घट्ट धरतो. सोडवताना बोल्ट दोन-तीन फेरे ढिला करून त्याच्या डोक्यावर प्लास्टिकच्या हातोडीने ठोका, मगच पाचर सुटते. बोल्ट पूर्ण काढलात तर ठोकायला काही उरत नाही. आवळताना ठोकळा तिरका बसला तर कटकट पुन्हा येते, म्हणून दोन्ही बाजूंना त्याची कड शेलच्या कडेशी जुळते का ते पाहा.

(दृश्य: दोन पिनांच्या पान्याने एक्सेंट्रिक फिरतो, दुसऱ्या हाताचं बोट चेनवर.)

आता ताण. क्रँक फिरवत चेन जिथे सगळ्यांत जास्त ताणली जाते ती जागा शोधा, कारण चेनरिंग क्वचितच अगदी गोल फिरते. तिथे मधोमध बोटाने वर-खाली दाबून एकूण 10 ते 12 मिलिमीटर ढिलाई ठेवा. याहून घट्ट चेन बेअरिंग खाते आणि एक्सेंट्रिकवरची ओढही वाढवते.

नवी रेघ ओढा. पहिल्या 50 किलोमीटरनंतर टॉर्क पुन्हा तपासा, रेघ पाहा. इतकं करूनही ती तुटली तर कॅलिपरने शेलचा आतला व्यास आडवा-उभा मोजा. दोन मापांत 0.2 मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर शेल लंबगोल झालं आहे. तिथे पत्रा भरत बसू नका. फ्रेम बनवणाऱ्याकडे न्या, तो शेल रीमरने गोल करील आणि त्या मापाचा ठोकळा देईल. वेल्डच्या कडेला केसाएवढी जरी चीर दिसली तरी ती टँडेम दुरुस्त होईपर्यंत रस्त्यावर काढू नका.