गाडीचा दांडा आणि लग्नाचे छत

नमस्कार, श्रोतेहो. मांडव कसा घालतात आणि मुहूर्तमेढ कधी रोवतात, हे मराठी घरात वाढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. मात्र आज मी ज्या मांडवाविषयी बोलणार आहे, तो फारच लहान असतो. चार काठ्या, त्यांवर ताणलेले एक कापड आणि खाली वधूवर, धर्मगुरू व जवळची चार माणसे उभी राहतील एवढी जागा. ज्यू लोक त्याला ‘हुप्पा’ म्हणतात आणि या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘आच्छादन’ असा होतो. चार काठ्या आणि एक कापड, एवढे ध्यानात असू द्यावे.

पूर्वी ज्यू विवाह दोन टप्प्यांत होत असे. पहिल्या टप्प्यात वर वधूला एखादी मोलाची वस्तू देई आणि त्या क्षणी ती कायद्याने त्याची होई. तरीही पुढे बारा महिन्यांपर्यंत ती वडिलांच्याच घरी राहत असे. दुसऱ्या टप्प्यात ती हुप्प्यात प्रवेश करी आणि तेव्हा संसार सुरू होई. साधारण बाराव्या शतकापर्यंत हे दोन्ही विधी एकाच दिवशी आले, म्हणून आज अंगठीही त्याच कापडाखाली घातली जाते, सात आशीर्वादही तेथेच म्हटले जातात, आणि या दोहोंची सरमिसळ होऊ नये यासाठी मध्ये ‘केतुबा’ म्हणजे विवाहाचा करार मोठ्याने वाचतात. चार काठ्यांची ही रचनासुद्धा वाटते तितकी प्राचीन नाही. सोळाव्या शतकात पोलंडमधील क्राकूव्ह शहराचे धर्मपंडित मोशे इसेर्लेस यांनी, ‘हल्ली काठ्यांवर कापड पसरून त्यालाच हुप्पा म्हणतात,’ अशा अर्थाची नोंद केली. वंश आकाशातील ताऱ्यांइतका वाढावा, म्हणून हुप्पा उघड्यावर घालण्याची चालही त्यांनीच नोंदवली आहे. अलीकडे त्या कापडावर इतकी फुले लादतात की आकाशच काय, नवरदेवसुद्धा दिसत नाही. पण फुलांच्या व्यवसायावर टीका करण्यासाठी हे भाषण नाही.

काठ्या आल्या त्या आधी काय होते, याचे उत्तर तालमूद या ज्यूंच्या प्राचीन धर्मग्रंथातील एका गोष्टीत सापडते, आणि खरे सांगायचे तर ही गोष्ट सांगता यावी म्हणूनच मी हा विषय निवडला.

जेरुसलेमच्या नैर्ऋत्येला दहा-अकरा किलोमीटरवर बेतार नावाचे गाव होते. तेथे अशी रीत होती की घरात मुलगा जन्मला की देवदार लावायचा आणि मुलगी जन्मली की सायप्रस लावायचा. पुन्हा सांगतो, मुलग्यासाठी देवदार, मुलीसाठी सायप्रस. तिकडचा देवदार म्हणजे लेबनॉनच्या डोंगरांतला, आपल्या हिमालयातील देवदाराचा सख्खा भाऊबंद. मूल वाढे तसे झाड वाढे, आणि पुढे त्या दोघांचे लग्न ठरले की त्यांची झाडे तोडून त्याच लाकडांचा आणि फांद्यांचा हुप्पा उभारत. म्हणजे लग्नाचे छत लग्नाच्या आदल्या आठवड्यात आणलेले नसे. पाळण्यातल्या मुलाबरोबर ते अंगणात वाढू लागलेले असे.

एके दिवशी बेतारवरून रोमच्या सम्राटाच्या मुलीची गाडी चालली होती आणि वाटेत तिचा दांडा मोडला. कोणी भाष्यकार त्याला दांडा म्हणतात, कोणी बाजूची फळी म्हणतात. मी दांडाच म्हणतो, कारण रस्त्यात गाडी अडवायला तो अधिक सोयीचा आहे. बरोबरच्या सेवकांनी आजूबाजूला पाहिले, समोर एक सरळसोट देवदार दिसला, त्यांनी तो तोडला आणि दांडा बसवला. त्यांच्या दृष्टीने ते रस्त्याकडेचे लाकूड होते. गावकऱ्यांच्या दृष्टीने तो कोणाच्या तरी मुलाचा मांडव होता आणि तो मुलगा अजून बोहल्यावर चढायचा होता. गाव धावून आले आणि त्यांनी सेवकांना झोडपून काढले. आपल्याकडे रस्ता रुंद करताना जुना वड पाडतात, तेव्हा तो कोणी आणि कोणत्या निमित्ताने लावला होता हे विचारण्याची पद्धत नाही. बेतारमध्ये निदान विचारणारे होते. मार खाल्लेले सेवक सम्राटाकडे गेले आणि झाडाचे नावही न काढता म्हणाले, ‘ज्यूंनी तुमच्याविरुद्ध बंड केले आहे.’ सम्राट सैन्य घेऊन आला. तालमूद एका ओळीत निकाल देते: गाडीच्या दांड्यापायी बेतार उद्ध्वस्त झाले.

इतिहासकार ही गोष्ट जशीच्या तशी मानणार नाहीत. तो सम्राट हेड्रियन आणि त्याला तर मूलबाळच नव्हते. जेरुसलेमच्या जागी रोमन वसाहत उभारण्याचा त्याचा बेत हे संघर्षाचे एक मोठे कारण होते. शिमोन बार कोखबाच्या नेतृत्वाखाली इ. स. १३२ मध्ये उठाव झाला, इ. स. १३५ मध्ये बेतारचा शेवटचा गड पडला आणि रोमन इतिहासकार कॅसियस डिओ लढाईत मेलेल्यांची संख्या पाच लाख ऐंशी हजार देतो. तरीही मला ती गोष्ट खोटी म्हणवत नाही. एवढ्या संहाराचे कारण सांगायला बसलेल्या लोकांना वसाहतीआधी हुप्प्यासाठी राखलेले एक झाड आठवले, हे त्या झाडाविषयी पुष्कळ सांगून जाते.

आपल्या कोकणातील बेने इस्राएल लोक, ज्यांना शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत म्हणून गावोगाव ‘शनिवार तेली’ म्हणत, मराठी बोलत आणि दिवेकर, पेणकर अशी गावांवरून पडलेली आडनावे लावत हाच धर्म पाळत आले. मुंबईत मांडवी भागात त्यांचे पहिले प्रार्थनालय १७९६ साली उभे राहिले. त्यांच्या लग्नात वधू पांढऱ्या साडीत प्रार्थनालयात येते आणि नवरदेव तिच्याकडे पाहत स्वतः हिब्रू गीत म्हणतो. त्या गीताचा पहिलाच शब्द ‘योनाती’, म्हणजे ‘माझी कबुतरी’, हा आहे. आमचे नवरदेव मंगलाष्टके होईपर्यंत अंतरपाटाआड मुकाट उभे असतात, त्यामानाने हे धाडसाचे काम आहे.

ज्यू परंपरेप्रमाणे बेतार पडले ती तिथी ज्यू पंचांगातील आव महिन्याची नववी. त्या दिवशी उपवास असतो आणि कोठेही हुप्पा घातला जात नाही. बेतारच्या मृतांना पुरण्याची परवानगी पुढे ज्या तिथीला मिळाली असे तालमूद सांगते, ती आवची पंधरावी होती. याच तिथीला प्राचीन काळी जेरुसलेमच्या मुली एकमेकींकडून मागून आणलेली पांढरी वस्त्रे नेसून द्राक्षमळ्यांत नाचत आणि तरुणांना म्हणत, ‘नजर वर कर आणि नीट निवड.’ आजही आवच्या पंधरावीला ज्यू कुटुंबे लग्ने धरतात, आणि सूर्य मावळता मावळता चार माणसे चार काठ्या हातात धरून उघड्यावर उभी राहतात.